मासे गाळून वाचलेली पत्रं

निलंगा
११ फेब्रुवारी २०१६

चि. वीरण्णा,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचला. त्यात तू कुठला आणि पाण्यातून वर आलेली म्हैस कुठली, हे ओळखायला मला चष्मा लावावा लागला. अंगभर काळं रबर, तोंडावर काचेचं झाकण, पाठीवर लोखंडाची टाकी. चार वर्षं नांदेडला इंजिनीअरिंग शिकलास. एका आड एका शनिवारी उदगीर-कंधार करत मी एसटीनं डबा घेऊन यायची, खिडकीतून उलट्या करत. हे सगळं या फोटोसाठी आहे असं तेव्हा कळलं असतं, तर निदान शेंगाचटणी तरी वाचली असती.

अक्का फोन का उचलत नाही, असं विचारतोस. फोनवर तू बोलायला लागलास की मला ऐकावं लागतं. पत्रात तुला ऐकावं लागतं. म्हणून.

तू लिहितोस की तुम्ही मालवणजवळ एक जुनी मालवाहू लाँच मुद्दाम बुडवली. तीन वर्षांत तिच्यावर शिंपले आणि शेवाळ चढलं, मासे राहायला आले, आणि आता पुण्या-मुंबईचे लोक टाकी लावून ती बघायला खाली उतरतात. मी दोनदा वाचलं. धडधाकट लाँच बुडवायची, आणि मग ती बुडालेली आहे हे दाखवायला माणसं न्यायची! सातवीतल्या पोरानं निबंधात हे लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथं माणसाला हंडाभर पाणी मिळेना, आणि तू तिकडं माशांची घरकुल योजना चालवतोस.

आपल्या घरात कुणी माशाचं नाव काढलं तरी अव्वा उठून चूळ भरते. 'अक्का, मी खात नाही, नुसतं बघतो,' हे तू तीनदा लिहिलंयस. खायचं नाही तर बघायचं कशाला? आपल्या दुकानात शिरून काहीच न घेता बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला अप्पा काय म्हणायचे, ते आठव.

हदगावला पाणीपुरवठ्यात साहेब होतास. जीप होती. लोक नमस्कार करायचे. 'चार वर्षं टँकरच्या फेऱ्यांच्या कागदावर सह्या केल्या, पाणी एकदाही बघितलं नाही,' असं म्हणून राजीनामा दिलास. आता रोज बघतोस. खारट.

मेमध्ये अव्वाला घेऊन ये म्हणतोस. येणार नाही. तिला पोराचं पत्र वाचून दाखवलं, ती खूश आहे. फोटो दाखवला नाही, तिच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही.

आणि गावात परस्पर कुणाला पत्र पाठवू नकोस. इथं लोकांना काय सांगायचं ते मी सांगून ठेवलंय. तुला त्याची पंचाईत नको.

अक्का


निलंगा
२१ मार्च २०१६

वीरण्णा,

'लोकांना काय सांगितलंस?' एवढी एकच ओळ पाठवलीस. इंजिनीअर माणूस, मुद्द्याचं तेवढं लिहिणार.

तर ऐक. तू नेव्हीत आहेस. चार वर्षं झाली. तू राजीनामा दिलास त्या आठवड्यात हार्डवेअरवाले माणिकप्पा दारात येऊन म्हणाले, 'बाई, वीरण्णा नोकरी सोडून समुद्राकडं गेला म्हणं?' मी काय सांगायला हवं होतं? की आमचा इंजिनीअर सुट्टीवर आलेल्या लोकांचा हात धरून त्यांना मासे दाखवतो? 'हाव, नेव्हीत लागला,' असं तोंडातून गेलं. पटलं त्यांना. काळं रबर आणि टाकी नेव्हीतही असतेच की. अर्धं खरंच होतं ते.

आजवर काही बिघडलं नाही. आता बिघडायच्या बेतात आहे. आपल्याकडं टँकर अकराव्या दिवशी येऊन राहिलाय. लातूरला तर टाकीपाशी पाचाच्या वर माणसं जमायला बंदी आहे आणि रेल्वेनं पाणी आणणार म्हणतात. अशा वेळी आपल्या गावातले शहाणे काय करतात? उदगीर नवा जिल्हा होणार अशी हूल उठलीय, तर उदगीरखाली जायचं नाही, जिल्हा आमचाच झाला पाहिजे, म्हणून चौकात मांडव घालून बसलेत. घसा सुकेपर्यंत घोषणा देतात आणि मग पाणी मागतात. माणिकप्पा अध्यक्ष. चौकापासून तळ्यापर्यंत त्यांनी फ्लेक्स लावलेत, आणि प्रत्येकावर त्यांचा स्वतःचा फोटो जिल्ह्यापेक्षा मोठा.

परवा शाळेत येऊन म्हणाले, 'बाई, निलंग्यानं देशाला काय दिलं ते सरकारला दाखवायचंय. वीरण्णाचा फोटो द्या, वर्दीतला.' मी म्हणाले, वर्दीतले फोटो बाहेर द्यायला परवानगी नसते. मान हलवत गेले. मूर्ख माणसाला बनवणं सोपं असतं, पण त्यात काही मजा नाही.

तू गप्प राहा. एवढंच काम आहे तुला.

अक्का


निलंगा
७ एप्रिल २०१६, सकाळ

वीरण्णा,

काल फोनवर मी 'ये, आणि आल्यावर तोंड उघडू नको,' एवढंच बोलले, कारण समोर दहा माणसं उभी होती. हे पत्र तू परत मालवणला गेल्यावर तुला मिळेल. तरी लिहिते. काल मी स्वतः फोन करून तुला बोलावलं, हे मला कागदावर माझ्या अक्षरात बघायचंय.

आपल्या तळ्यात तळाशी उरलंय तेवढंच पाणी. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावर जी जाळी असते, ती परवा चोंदली. पंप चालतो, पाणी येत नाही. पंपावरचा श्रीमंत तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या पुढं दोन वर्षं होता. दम धरून तीनदा बुडी मारली त्यानं. तिसऱ्यांदा वर आला तर नाकातून रक्त. हैदराबादचा पाणबुड्या दहा दिवसांनी येतो म्हणाला. दहा दिवसांत सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींनी काय प्यायचं?

मग सगळ्यांना तू आठवलास. माणिकप्पांनी हात जोडले. 'बाई, तुमचा भाऊ नेव्हीतला पाणबुड्या. आपल्या गावासाठी एवढं करा.'

मी नाही म्हणू शकत होते. 'सुट्टी मिळत नाही' म्हटलं असतं की खपलं असतं. पण श्रीमंत शर्टाच्या बाहीनं नाक दाबून मागं उभा होता.

उपकार केलेस असं समजू नकोस. गावाचं पाणी पिऊनच मोठा झालास.

अक्का


निलंगा
१३ एप्रिल २०१६

वीरण्णा,

जमलं तुला? चाळीस मिनिटं पाण्याखाली गप्प राहिलास, वर येऊन चार मिनिटं राहवलं नाही.

त्या दिवशी सकाळी तू घरात आलास, अव्वाच्या पाया पडलास. तिनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, 'बोटीवर जेवायला नीट देतेत का रं?' तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालास, 'देतेत, अव्वा.' तेव्हा वाटलं, पोरगा शहाणा झाला.

मग तळं. जीपमधून टाक्या उतरवल्यास, तुझ्या त्या मालवणी सोबत्यानं कमरेला दोर बांधला आणि तू त्या चहासारख्या पाण्यात गेलास. हात तोंडापाशी नेला तरी दिसत नसणार. लोक काठावर उभे राहून बुडबुडे मोजत होते. मी नव्हते मोजत. मी दोराकडं बघत होते. तो सोबती एकटाच काय ते समजून होता, बाकी सगळा बाजार.

आधी बाभळीचे फाटे वर आले. मग गोणपाट. मग शेवटी ते लांबच लांब, चिखलानं माखलेलं, दोन माणसांनी ओढून काढलं. श्रीमंतनं पायानं उलगडलं, तर फ्लेक्स! 'जिल्हा झालाच पाहिजे', खाली माणिकप्पा हात जोडून. वाऱ्यानं उडून तळ्यात पडलेला, जाळीला गुंडाळून बसलेला. वीरण्णा, तुझ्यावर माझा कितीही राग असला तरी हे खरं सांगते, चार वर्षांत मी एवढी हसले नव्हते. एकटी हसले. बाकी सगळे माणिकप्पांकडं न बघण्यात गुंतले होते.

पंप सुरू झाला, पाइपातून पाणी आलं, बाया रडल्या. तिथं थांबायचं होतं. पण माणिकप्पांना फ्लेक्सवरून लोकांचं लक्ष काढायचं होतं, म्हणून त्यांनी माइक घेतला. 'आपले नौदल अधिकारी,' वगैरे. हार घातला. आणि तू माइक हातात घेऊन काय म्हणालास?

'मी नेव्हीत न्हाई. कधीच नव्हतो. मालवणला असतो. तिथं एक जहाज बुडवलेलं हाय, त्याच्यावर मासे येतेत, ते लोकायला खाली नेऊन दाखवतो. चांगलं काम हाय.'

मागून कुणीतरी विचारलं, 'म्हंजे गाईड?' आणि हशा पिकला. माणिकप्पांना तेवढंच पाहिजे होतं. माइकवरून माझ्याकडं वळून, 'बाई, आमची नेव्ही कुठं गेली वो?' म्हणाले.

मी निघाले. तू ओल्या अंगानं मागं पळत आलास. 'अक्का, तोंड उघडू नको म्हणालीस. पाण्याखाली उघडत न्हाईच. वर आल्यावर तरी उघडू दे की.'

मी थांबले नाही, तूही घरी आला नाहीस. तसाच जीपमध्ये बसून गेलास. छान. खरं बोलायचं आणि निघून जायचं, हे फार सोपं असतं. राहायचं मला आहे. आठवीच्या वर्गात फळ्यावर कुणीतरी मासा काढून ठेवला होता. मी पुसला आणि वर्गमूळ शिकवलं.

तू सोडवलेलं पाणी लोक भरून राहिलेत. हंडा डोक्यावर, आणि मी दिसले की तोंडाला पदर. पाणी पिताना हसू येत असेल तर ठसका लागो त्यांना.

अक्का


निलंगा
२६ एप्रिल २०१६

वीरण्णा,

हे लिहावंसं वाटत नाही. पण अव्वा माझ्याशी बोलत नाही, आणि तुझ्याशी बोलायचं तर तिला माझाच हात लागतो. म्हणून लिहिते.

तळ्यावरची गोष्ट तिला शेजारणींनी सांगितली. तिनं मला काही विचारलं नाही. शुक्रवारी मी शाळेत पेपर तपासत होते, तेव्हा श्रीमंत घरी आला. नाक बरं झालं हे दाखवायला, आणि तुझ्यासाठी बायकोनं केलेले धपाटे घेऊन. तुझा पत्ता मागायला. अव्वानं त्याला बसवलं, ट्रंकेतून तुझ्या पत्रांचा गठ्ठा काढला, वरचं त्याच्या हातात दिलं. 'वाच रं बाबा जरा.'

मी दारात आले तेव्हा तो वाचत होता, एकेक अक्षर लावत, पोरं वाचतात तसा. 'अव्वा, आज मी एका मा-शा-ला त्याचं घर राखताना बघितलं. तो माझ्या बोटाएवढा होता, तरी माझ्या अंगावर धावून आला. मला अप्पांची आठवण आली...'

अव्वा हसत होती. मला बघितल्यावर हसू थांबलं.

तुला कळलंच असेल. त्या सकाळी 'देतेत' म्हणालास तेव्हाच कळलं असणार. चार वर्षं तुझी पत्रं मी तिला मासे गाळून वाचली. त्या जागी बोट घातली, साहेब घातला, परेड घातली. 'अव्वा, साहेबांनी माझी पाठ थोपटली.' एकदा तुला बढतीही दिली. तिला शेजारणींसमोर सांगायला काहीतरी हवं, असं मी स्वतःला सांगत होते. शेजारणींसमोर कुणाला सांगायचं होतं ते तुला ठाऊक आहे, मलाही आहे.

श्रीमंत उठून गेला. धपाटे तिथंच राहिले. अव्वा म्हणाली, 'चार वर्सं तू मला दुसऱ्याच कुणाचा तरी पोरगा वाचून दाखवलास.'

मी म्हणाले, 'अव्वा, तुझ्यासाठीच...'

'माझ्यासाठी? माझा पोरगा माझ्या हातात देत होता तो, आन तू मधीच ठेवून घेतलास.'

त्यानंतर बोलली नाही. पाच दिवस झाले. भाकरी खाते, ताट सरकवते. आज सकाळी भिंतीकडं बघत म्हणाली, 'मला त्याच्याकडं ने. समुद्र बघायला न्हाई. त्यो काय करतो ते बघायला.'

आम्ही १४ मेला निघतो. लातूरहून कोल्हापूरची गाडी, तिथून पुढं मालवण. मी पाण्यात उतरणार नाही, हे आताच सांगून ठेवते. तुझ्या गिऱ्हाइकांत माझी गणती करू नकोस.

अक्का


निलंगा
९ जून २०१६

वीरण्णा,

पोचलो. अव्वाची तब्येत ठीक आहे. गुडघे दुखतात, पण कुरकुर नाही. होडीत बसून आल्यापासून ती रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला होडी कशी हलते ते हातानं करून दाखवते.

तुला वाटत असेल, अक्का बदलली. तर बदललेली नाही. मोठी माणसं रबर घालून उलटी पाण्यात पडतात आणि वर येऊन लहान पोरांसारखी किंचाळतात, हे मला तेव्हाही बावळटपणाचं वाटलं, आताही वाटतं. तुझ्या होडीतला तो पुण्याचा माणूस खाली उतरायच्या आधी बारा फोटो काढून घेतो आणि खाली काय बघितलं ते त्याला सांगता येत नाही. अशांसाठी तू जन्म घालवतोस.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगायला हे पत्र आहे.

मी उतरले ते तुझ्यासाठी नाही. होडी त्या बुडवलेल्या लाँचवर थांबली, आणि अव्वानं वाकून पाण्यात बघितलं. तिला काय दिसणार? हिरवं. मग ती माझ्याकडं वळली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली. 'मला जाता येत न्हाई. तू जा. खाली काय हाय ते बघून ये आन मला सांग. पर या टायमाला जे आसंल तेच सांग.'

तू तेव्हा टाकी तपासत होतास, ऐकलं नाहीस. मी 'बरं, दे ते सोंग' म्हणाले, एवढंच तुला ऐकू आलं.

तुझा हात मी किती घट्ट धरला ते तुझ्या मनगटावर चार दिवस दिसत होतं, त्याबद्दल बोलायची गरज नाही. तू मला घेऊन वर आलास, होडीत बसवलंस आणि त्या पुण्याच्या माणसाला घेऊन परत खाली गेलास. त्यानंतर होडीत मी आणि अव्वा. आणि तो सोबती, पण तो पाठ करून बसला. शहाणा माणूस आहे, हे मी मागंच लिहिलं होतं.

अव्वा म्हणाली, 'सांग.'

मी म्हणाले, 'मासे होते.'

'किती? कसे?'

चार वर्षं मी तिला परेड सांगितली, तोफा सांगितल्या, न बघितलेलं सगळं घडाघडा सांगितलं. जे आत्ता बघून आले ते सांगायला तोंड उघडेना. कानांत दडे बसले होते, नाकातून पाणी येत होतं. मग सांगायला लागले. आधी काहीच दिसत नाही, मग एकदम तिचा नांगर दिसतो, त्याच्यावर एवढे एवढे शिंपले. लाँचची शिडी आहे, ती आता शिडी राहिली नाही, जाडजूड झालीय, तांबड्या-हिरव्या मखमलीसारखी. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे तिच्यातून असे जातात जसे शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून. सुकाणूच्या खोलीत एक मोठा, पोट सुटलेला, खालचा ओठ पुढं काढून बसलाय. तू नंतर त्याला गोबरा म्हणालास. मी अव्वाला सांगितलं, 'हुबेहूब माणिकप्पा.' ती एवढी हसली की होडी हलली.

मग तिनं विचारलं, 'आन वीरण्णा? साहेब दिसतो का तिथं?'

मी खोटं बोलू शकत होते. तिला बरंही वाटलं असतं. मी म्हणाले, 'न्हाई अव्वा. साहेब न्हाई दिसत. मी घाबरले होते. वर जाऊ दे म्हणून लाथा झाडत होते. त्यानं मला ओढलं न्हाई, ढकललं न्हाई. समोर येऊन थांबला आन माझ्या डोळ्यात बघत राहिला. माझा दम लागायचा थांबंपर्यंत. त्याला काही घाई नव्हती. त्याच्या हाताला कुठल्या माशाचा, कुठल्या शिंपल्याचा धक्का लागत न्हाई. आपल्या घरात असल्यासारखा वावरतो. हदगावच्या हापिसात मी त्याला असा कधी बघितला न्हाई.'

अव्वानं पाण्याकडं बघितलं. तुमचे बुडबुडे वर येत होते. ती म्हणाली, 'हे चांगलं सांगितलंस.' आणि तिच्या पदरानं माझं नाक पुसलं, बावन्न वर्षांच्या बाईचं, तुझ्या सोबत्यासमोर.

शाळा पुढच्या आठवड्यात उघडेल. माणिकप्पांचा मांडव उठला, जिल्हा झाला नाही. परवा रस्त्यात त्यांनी विचारलं, 'काय बाई, नेव्हीत जाऊन आलात का?' मी म्हणाले, 'हाव. खाली जाऊन आले. तुमचा फोटो तिथं पण हाय.' अजून ते त्याचा अर्थ लावत असतील.

गेल्या सोमवारपासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अव्वा ट्रंक उघडते. तुझी पत्रं पहिल्यापासून वाचायला लावते, जून २०१२ पासून. श्रीमंतला बोलावू का, असं मी विचारलं होतं. 'तूच वाच,' म्हणाली. आज चौथं झालं. मी वाचते आणि ती माझ्या ओठांकडं बघत बसते. कुठं अडखळले तर म्हणते, 'काय गाळलंस?' गाळलेलं नसतं. आधी तेच वाक्य मी दुसरं वाचलं होतं, ते जिभेवर येतं.

आजच्या पत्रात तू लिहिलंयस की दोन दिवस अंगात ताप होता, तरी पाण्यात उतरलास, कारण माणसं लांबून आली होती. तारीख १९ नोव्हेंबर २०१२. तेव्हा मी तिला वाचून दाखवलं होतं की तुझी तब्येत उत्तम आहे.

तिनं मला थांबवलं. तुला विचारायला सांगितलंय, तिच्याच शब्दांत लिहिते: 'ताप होता तर उतरलास का? कोणी काढा दिला का? आता बरा हाईस का?'

उत्तर लिही. लवकर लिही, ती रोज पोस्टमनची वाट बघते. जे असेल तेच मी वाचेन.

अक्का